हे कार्ट कोणाचं?

दिवाळीच्या आदल्या रविवारी वहिनीने दुपारभर बसून ऑनलाइन खरेदी उरकली. पणत्या, उटणं, लाडवांसाठी वेलची, सासूबाईंना गाऊन, भाच्यांना टी-शर्ट असं करत 19 वस्तू झाल्या. शेवटी पैसे भरायला गेली तेव्हा लक्षात आलं, की मोबाइल दादाचा आणि लॉगिनही दादाचंच. कूपन तिच्या खात्यावर, पत्ता तिच्या खात्यावर, पैसेही तीच देणार. मला फोन. "भाऊजी, तुम्ही वेबसाइटचीच कामं करता ना? मग एवढं माझ्या खात्यावर टाकून द्या की."

तसं बटणच त्या साइटवर नव्हतं. ग्राहक सेवेतल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, "दुसऱ्या खात्यातून लॉगिन करा आणि पुन्हा ॲड करा, मॅडम."

वहिनीची मागणी काही जगावेगळी नव्हती. वाण्याच्या दुकानात यादी कोणीही लिहायचं, पोराच्या हातात द्यायचं आणि "काकांच्या खात्यावर मांडा" म्हणून सांगायचं. यादी वेगळी, वही वेगळी. ऑनलाइन दुकानात यादी वहीलाच चिकटली, ती कशी, ते पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं. (कार्ट म्हटलं की मराठी कानाला आधी 'कार्टं'च ऐकू येतं. म्हणून मी ते नपुंसकलिंगीच वापरतो. प्रश्नही तोच: कोणाचं आहे हे?)

चाकांवरचं मूळ कार्ट कोणाचंच नव्हतं. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमन यांनी 1937 मध्ये आपल्या 'हम्प्टी डम्प्टी' दुकानांत ते आणलं. घडीच्या खुर्चीवरून सुचलेली गाडी, वर तारेच्या टोपल्या. लोक सुरुवातीला हात लावेनात, तेव्हा गोल्डमन यांनी माणसं भाड्याने आणून ती दुकानात ढकलत फिरवली. या गाडीवर नाव नसतं. रांगेत उभं राहून "तू धर, मी आलेच" म्हणता येतं, आणि पैसे जो धरून उभा आहे तो देतो.

वेबवर ही गाडी आणताना पहिली अडचण आली ती विसराळूपणाची. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी नियमांनी बोलतात, त्यांत आठवण नावाची चीज नाही. प्रत्येक क्लिक म्हणजे नवा गिऱ्हाईक. पहिल्या पानावर पुस्तक उचललं, दुसऱ्या पानावर गेलात, की दुकानदार तुम्हाला ओळखत नाही. 1994 मध्ये एमसीआय ही टेलिफोन कंपनी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या मदतीने ऑनलाइन दुकान उभं करत होती. अर्धवट राहिलेल्या खरेदीची नोंद आपल्या सर्व्हरवर सांभाळायला एमसीआय तयार नव्हती. ती गिऱ्हाईकाच्याच कॉम्प्युटरवर ठेवा, असं तिचं म्हणणं. नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली यांनी त्यासाठी कुकी काढली. सर्व्हरने एक चिठ्ठी द्यायची, ब्राउझरने ती जपायची आणि पुढच्या प्रत्येक भेटीत दाखवायची. चपला ठेवल्यावर देवळाबाहेर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या नेटस्केपच्या बीटा, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत कुकी होती.

त्या चिठ्ठीवर माणसाचं नाव नव्हतं, हे इथे महत्त्वाचं. कार्ट त्या ब्राउझरचं होतं. सायबर कॅफेत कोणी अर्धवट खरेदी करून उठलं, तर पुढच्या माणसाला त्याच खुर्चीवर भरलेलं कार्ट मिळू शकत होतं. कार्ट एकाकडून दुसऱ्याकडे देण्याची ती सगळ्यात सोपी पद्धत, फक्त ती कोणी मागितलेली नव्हती.

याच महिन्यात, 24 ऑक्टोबर 1994 ला, ओपन मार्केट नावाच्या कंपनीने ऑनलाइन कार्टच्याच पेटंटसाठी अर्ज टाकला. ते पेटंट पुढे सॉवरेन सॉफ्टवेअरच्या हाती गेलं आणि तिने मोठमोठ्या दुकानांना कोर्टात खेचलं. ॲमेझॉनने 2005 मध्ये 4 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. न्यूएग हे ऑनलाइन दुकान मात्र अडून बसलं. जानेवारी 2013 मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने पेटंटमधले कार्टवरचे दावे रद्द केले, कारण वेबच्या आधी कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेच्या मॉलमध्येही लोक असाच माल गोळा करून एकदम ऑर्डर देत होते. इतकी वर्षं 'कार्ट कोणाचं' हा प्रश्न वकिलांसाठी वेगळ्याच अर्थाने चालू होता.

दुकानदारांना मात्र बिल्ल्यावर भागवणं परवडेना. लोक ऑफिसात कार्ट भरायचे आणि घरी येऊन ते शोधायचे. तेव्हा कार्ट ग्राहकाच्या खात्याला बांधायची रीत पडली: लॉगिन नसताना निनावी, लॉगिन होताच नावावर. मार्च 2008 मध्ये आलेल्या मॅजेंटो या ऑनलाइन दुकान उभारायच्या सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये कार्टला 'कोट' म्हणतात, म्हणजे आपलं कोटेशनच. त्या नोंदीत ग्राहकाच्या क्रमांकाचा एक रकाना असतो. पाहुण्याच्या कार्टमध्ये तो रिकामा असतो, लॉगिन केलं की भरतो. कार्टचं पहिलं अधिकृत हस्तांतर हेच, निनावी माणसाकडून नावाच्या माणसाकडे.

आणि इथेच गुंता सुरू झाला. खात्यात आधीचं कार्ट पडलेलं असेल तर? समजा, खात्यात साबणाच्या 2 वड्या आहेत आणि लॉगिन न करता मी त्याच साबणाच्या 3 टाकल्या. मॅजेंटो बेरीज करतं: 5. वर्डप्रेसवर चालणारं वूकॉमर्स मूळ मांडणीत बेरीज करत नाही, ताजं ते खरं मानतं: 3. दोन्ही उत्तरांना तर्क आहे आणि दोन्ही उत्तरांनी कोणी ना कोणी वैतागतं. "मी दोनच मागवले होते, चार कसे आले?" हा फोन आमच्या ऑफिसात दर महिन्याला कोणीतरी उचलतोच.

या गुंत्याचा सगळ्यात प्रामाणिक कबुलीजबाब ॲमेझॉनच्या इंजिनिअरांनी 2007 मध्ये दिला. डायनॅमो नावाच्या आपल्या साठवण यंत्रणेवर त्यांनी शोधनिबंध लिहिला आणि उदाहरण म्हणून कार्टच घेतलं. एका कार्टच्या अनेक प्रती वेगवेगळ्या मशीनवर असतात. मधली तार तुटली तरी गिऱ्हाईकाला "आत्ता वस्तू टाकता येणार नाही" असं कधीच म्हणायचं नाही, हा धंद्याचा नियम. मग दोन प्रतींत दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या जातात आणि नंतर त्या जुळवाव्या लागतात. जुळवताना टाकलेली वस्तू कधीही हरवत नाही, पण काढलेली वस्तू परत उगवू शकते, असं त्यांनी सरळ लिहून टाकलं. दुकानदाराच्या बाजूने पाहिलं तर हा निर्णय चुकलेला म्हणता येत नाही. काढलेली वस्तू परत दिसली तर माणूस कुरकुरत ती पुन्हा काढतो. टाकलेली गायब झाली तर विक्रीच जाते. 24 तासांच्या पाहणीत 99.94 टक्के वेळा कार्टची एकच प्रत समोर आली, असंही त्या निबंधात आहे. उरलेल्या भानगडी वाढण्यामागे बहुधा माणसं नव्हती, भराभर क्लिक करणारे यांत्रिक प्रोग्रॅम होते.

हे झालं एकाच माणसाच्या कार्टबद्दल. दोन माणसांच्या खात्यांचा विचार केला की निव्वळ यादी हलवणं ही सोपी बाब ठरते. त्या रकान्यात दादाऐवजी वहिनीचा क्रमांक लिहायचा, झालं. पण कोटेशन कधी निव्वळ यादी नसतं. भाव खात्याप्रमाणे बदलतो, घाऊक ग्राहकाला वेगळा, किरकोळला वेगळा. कूपन एका नावाचं असतं. कोणता विक्रेता, माल आहे की नाही, किती दिवसांत पोचेल, हे पिनकोडवर ठरतं. कार्ड तर हलवायचा प्रश्नच नाही; रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानाला कार्डाचा नंबर साठवताच येत नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे एक बदली क्रमांक असतो.

दुसरी भीती चोरीची. कार्टचे क्रमांक ओळीने असले, 4501, 4502, 4503, तर वेबपत्त्यातला एक आकडा बदलून कोणीही शेजाऱ्याचं कार्ट उघडून पाहील. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेने 2007 च्या आपल्या पहिल्या दहा धोक्यांत या प्रकाराला स्वतंत्र जागा दिली होती. म्हणून मॅजेंटोच्या दुसऱ्या पिढीत पाहुण्याच्या कार्टला बाहेर दाखवण्यासाठी 32 अक्षरांचा निरर्थक वाटणारा क्रमांक देतात. आत साधा आकडा, वर बुरखा. खात्यांत कार्ट हलवायचं बटण ठेवलं, तर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांची संमती तपासावी लागणार. किरकोळ दुकानांना तो खर्च नको असतो.

गंमत म्हणजे कंपन्यांच्या खरेदीत हा प्रश्न 1999 मध्येच सुटला होता. कंपन्यांसाठी खरेदीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अरिबाने सीएक्सएमएल नावाची भाषा काढली, तिच्यात 'पंचआउट' आहे. नोकरदार माणूस कंपनीच्या खरेदी सॉफ्टवेअरमधून पुरवठादाराच्या साइटवर जातो, कार्ट भरतो, आणि शेवटी पैसे भरण्याऐवजी ते भरलेलं कार्ट स्वतःच्या कंपनीकडे परत पाठवतो. तिथे साहेब मंजुरी देतात, मग खरी ऑर्डर निघते. भरणारा एक, देणारा दुसरा, हे तिथे गृहीतच धरलंय. आमच्या घरांतही तेच गृहीत आहे, पण घराला खरेदी विभाग नसतो.

घरगुती वाटा आहेत त्या अर्ध्या. शॉपिफाय या सेवेवर उभारलेल्या दुकानांत वस्तूचा क्रमांक आणि नग लिहून कार्टची लिंक बनते. ती ज्याला पाठवाल त्याच्याकडे तशीच यादी उघडते, त्याच्या भावाने, त्याच्या पत्त्यावर. वाण्याच्या यादीच्या सगळ्यात जवळ जाणारी हीच सोय, असं मला वाटतं. झोमॅटोने 2024 मध्ये ग्रुप ऑर्डरिंग आणलं, त्यात लिंक पाठवून सगळे मित्र एकाच कार्टमध्ये आपापलं खाणं टाकतात. बिल मात्र एकाच्या माथी.

याउलट कोणी न मागता कार्ट दुसऱ्याकडे जाण्याची भारतीय तऱ्हाही आहे. इथे बहुतेक खाती मोबाइल नंबरवर आणि ओटीपीवर चालतात. बंद पडलेला नंबर किमान 90 दिवस थांबून नव्या ग्राहकाला देता येतो. जुन्या मालकाने खात्यातला नंबर बदलला नसेल, तर नव्या मालकाने ओटीपी टाकताच समोर येतो परक्याचा पत्ता, परक्याच्या ऑर्डरी आणि कार्टमध्ये राहिलेला परक्याचा प्रेशर कुकर.

वहिनीने शेवटी दादाच्या मोबाइलवरचे 4 स्क्रीनशॉट स्वतःला व्हॉट्सॲप केले आणि रात्री जेवणं झाल्यावर सगळं पहिल्यापासून भरलं. 18 वस्तू मिळाल्या. उटणं तोवर संपलं होतं. दादाचं कार्ट कोणी रिकामं केलं नाही, त्यामुळे भाऊबीजेच्या दुपारी त्याच्या मोबाइलवर सूचना आली, की तुमच्या आवडीची वस्तू अजून वाट पाहतेय. सोबत गाऊनचा फोटो होता.