माणूस आत आहे, पण नेमका कुठं? (आमच्या गिऱ्हाईकांसाठी)

रोज शटर वर करायच्या आधीच कोणीतरी उभं असतं, "भाऊ, आमना पोऱ्या कोठे शे, जरा कॉम्प्युटरवर पाहा ना." म्हणून पोलिसांनी पकडलेला माणूस कसा शोधायचा याचा हा कागद छापलाय. घेऊन जा, झेरॉक्सचे पैसे लावत नाही.

आम्ही पहिलं विचारतो, गुन्हा नंबर (एफआयआरचा नंबर) काय? अन तिथंच गाडी अडते. नाव सांगतात पप्पू, बबल्या, फार तर "पाटलांचा मोठा". धुळ्यात पाटील किती हे मी सांगायला नको, आणि चौधरी तर इंग्रजीत चार तऱ्हेने लिहितात, एक अक्षर हुकलं की कोर्टाची साइट (ई-कोर्ट्स) रेकॉर्ड नाही म्हणते अन गिऱ्हाईक माझ्याकडं रागानं बघतं. गुन्हा नंबर, साल आणि पोलीस स्टेशन, हे तीन असले की नावाच्या स्पेलिंगची कटकटच राहत नाही. नंबर मिळतो ज्या ठाण्यात गुन्हा दाखल झाला तिथं, ठाणे अंमलदाराकडं. अटक झाली की घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, जिल्ह्याच्या कंट्रोल रूमलाही अटक झालेल्यांची नावं लावायची असतात, त्यामुळे विचारायला घाबरू नका. केस ई-कोर्ट्सवर लगेच दिसेलच असं नाही, मग दोन दिवसांनी परत या, तेव्हाचे पैसे घेत नाही.

दुसरा घोळ पीसीआर (पोलीस कोठडी) अन एमसीआर (न्यायालयीन कोठडी) यांचा. पकडल्यापासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. तिथं पीसीआर मिळाला तर माणूस ठाण्याच्या लॉकअपमध्ये, एमसीआर झाला तर जेलात. साक्रीकडच्या एक मावशी डबा घेऊन दिवसभर जेलच्या गेटवर बसल्या, भाकरी-ठेचा तसाच माघारी, पोरगा तेव्हा पीसीआरमध्ये होता, रिक्षानं दहा मिनिटांवर. आणि १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे, त्यात पोलीस कोठडीचे १५ दिवस पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यानं घेता येतात, म्हंजे जेलात गेलेला माणूस परत ठाण्यात येऊ शकतो. निघायच्या आधी कोर्टात शेवटची ऑर्डर काय झाली ते बघा, नाहीतर आमच्याकडून बघून घ्या.

एमसीआर झाला तर धुळे, जळगाव, नंदुरबार इथली जिल्हा कारागृहं आधी बघायची. मोठी शिक्षा लागली असेल तर नाशिकरोड किंवा हर्सूलच्या (छत्रपती संभाजीनगर) सेंट्रल जेललाही नेलेलं असू शकतं. कामाला सुरतेला गेलेला पोरगा तिकडंच पकडला असेल तर लाजपोर जेलची चौकशी करा, इथं धुळ्यात शोधून काय उपयोग. १८ च्या आतला असेल तर जेलात नसतोच, निरीक्षणगृहात असतो.

जेल पक्कं झालं की भेटीसाठी ई-मुलाकात, म्हंजे जेलभेटीचा ऑनलाइन फॉर्म. त्यात राज्य, जेल, कैद्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव असं सगळं भरायचं असतं, म्हणून आधी जेल माहीत पाहिजे, मग फॉर्म. उलटं केलं की फॉर्म वाया. कैद्याचं नाव एफआयआरमध्ये जसं आहे तसंच, आणि तुमचं ओळखपत्र सोबत. फॉर्म भरायचे आम्ही ५० रुपये घेतो. महाग वाटतं काही जणांना, पण चुकलेला फॉर्म परत भरायला वेगळं घेत नाही, आणि "साहेबांशी ओळख आहे" असं सांगून पैसे उकळणारे गेटबाहेर बरेच फिरतात, आमची तशी कुणाशीच ओळख नाही, पोरगा आत का गेला तेही विचारत नाही.

वकील लावला नसेल तर कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, हेल्पलाइन १५१००. आणि फोनवर कोणी "तुमच्या पोराला अटक केली, लगेच पैसे पाठवा" म्हणालं तर आधी पोराला फोन लावा. पैसे पाठवून बसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा.

दुपारी दोन ते तीन दुकान बंद. लाइट गेली तर बाहेरच्या बाकड्यावर बसा, इन्व्हर्टर फक्त प्रिंटरला पुरतो.