एका मापातले रोव्हर

मंगळावर पहिल्यांदा चाललेला रोव्हर म्हणजे १९९७ चा सोजर्नर. तो ६५ सेंटिमीटर लांब होता. २०१२ मध्ये उतरलेला क्युरिऑसिटी ३ मीटर लांब आहे. मॅटेल कंपनीने दोघांचीही हॉट व्हील्स मॉडेल्स काढली आणि दोन्ही तळहातावर मावतात. खेळणं बनवणारा आधी खोक्याचं माप ठरवतो, मग त्यात यान बसवतो. अशी मॉडेल्स जमवण्यात आनंद आहेच, पण ती शेजारी-शेजारी मांडली की पंधरा वर्षांत अभियंत्यांनी केवढी मजल मारली, नेमकं तेच दिसेनासं होतं.

म्हणून माझ्याकडचे सगळे रोव्हर १:२० प्रमाणात आहेत. या मापात सोजर्नर सव्वातीन सेंटिमीटरचा होतो आणि त्याचं चाक साडेसहा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाहूनही लहान. २००४ चे स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी ८ सेंटिमीटरचे, क्युरिऑसिटी १५ सेंटिमीटरचा. चांद्रयान-३ मधून चंद्रावर गेलेला आपला प्रज्ञान साडेचार सेंटिमीटर. तो सोजर्नरशेजारी ठेवला की नात्यातला वाटतो.

प्रज्ञानच्या मॉडेलमध्ये एक गोष्ट आवर्जून पाहावी. त्याचं सौर पॅनेल उभं आहे का? स्पिरिटचं पॅनेल पाठीवर आडवं पसरलेलं होतं, म्हणून बरेच जण प्रज्ञानलाही तसंच करतात. पण चांद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण गोलार्धात सुमारे ६९ अंश अक्षांशावर उतरलं. तिथे सूर्य डोक्यावर येतच नाही, भर दुपारीही क्षितिजापासून वीसेक अंशच वर असतो. तिरपं ऊन अंगावर घ्यायचं तर पॅनेल उभंच हवं.

आता पायांकडे येऊ. सोजर्नरपासून प्रज्ञानपर्यंत या सगळ्या सहाचाकी गाड्यांची चाल एकाच रचनेवर उभी आहे, तिचं नाव रॉकर-बोगी. अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतले डॉन बिकलर यांनी ती १९८८ मध्ये मांडली. क्युरिऑसिटीत दोन्ही बाजूंना एकेक मोठा दांडा असतो, तो रॉकर. त्याच्या पुढच्या टोकाला एक चाक आणि मागच्या टोकाला बिजागरीवर हलणारा छोटा दांडा, तो बोगी. बोगीवर उरलेली दोन चाकं. स्प्रिंग कुठेच नाही. एक चाक दगडावर चढलं की दांडे आपापल्या खिळ्याभोवती फिरतात, सहाही चाकं जमिनीला टेकून राहतात आणि वजन सगळ्यांवर वाटलं जातं.

मग मधली पेटी कशाच्या आधारावर? दोन्ही रॉकर मोकळे फिरत असतील तर ती पुढे नाहीतर मागे कलंडेल. यासाठी क्युरिऑसिटीच्या पाठीवर एक आडवी पट्टी आहे. ती मध्यावर खिळलेली आणि दोन्ही टोकांनी रॉकरना जोडलेली असते. डावा रॉकर जितका वर जाईल तितका ती उजव्याला खाली ढकलते, त्यामुळे पेटी कायम दोघांच्या सरासरी कोनात राहते. दुकानातल्या कित्येक मॉडेलांत पाय चिकटवलेले असतात आणि ही पट्टी नुसती नक्षी असते. ती खरी हलती करावी. डाव्या चाकाखाली वही सरकवली आणि पेटी निम्मीच कलली, हे बोटांना एकदा जाणवलं की आकृती पाठ करावी लागत नाही. पट्टी आणि दांड्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लागतो. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांचं हे शहर असल्यामुळे नाशिककरांना पत्रा किंवा तो कापणारा माणूस लांब शोधायला नको.

चालतं मॉडेल करायचं तर वेगही मापात हवा. क्युरिऑसिटी जास्तीत जास्त सेकंदाला ४ सेंटिमीटर चालतो, म्हणजे अर्ध्या मीटरच्या चाकाचा एक फेरा व्हायला सुमारे ४० सेकंद. मॉडेलच्या चाकालाही तितकीच सावकाश गती द्यायची. खेळण्यातल्या मोटारी मिनिटाला शंभराच्या पुढे फिरतात, तेव्हा भरपूर गिअर असलेली मोटार घ्यावी.

वाळूचा प्रश्न मला सगळ्यात जास्त खुणावतो. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बसाल्ट. चंद्रावरचे काळे डागही बसाल्टचे, आणि मंगळावरच्या गेल विवरात क्युरिऑसिटीने पाहिलेल्या गडद टेकड्यांची वाळूही त्याच जातीची. खडी क्रशरवरची कच आणि नदीची वाळू दोन ट्रेमध्ये घ्या. कचेचे कण धारदार, कोनेरी असतात. चंद्रावर वारा-पाणी नसल्याने तिथलेही तसेच. मंगळावर वारा कण घासून गोलसर करतो, म्हणून त्यासाठी नदीची वाळू बरी. प्रज्ञान उतरला त्या उंचवट्याच्या भागाची माती मात्र वेगळ्या, फिकट खडकाची. इस्रोने चाचण्यांसाठी अ‍ॅनॉर्थोसाइट नावाचा तसा खडक तामिळनाडूतून आणून दळला होता.

ट्रेमध्ये मॉडेल झकास चालतं. पण त्यावरून निष्कर्ष काढू नये. लांबी वीस पट कमी झाली की चाकाचा टेकलेला भाग ४०० पट आणि वस्तुमान ८,००० पट कमी होतं. ८९९ किलोचा क्युरिऑसिटी ११२ ग्रॅमवर येतो. खरा रोव्हर मंगळाच्या कमी गुरुत्वाकर्षणात इथल्या ३४० किलोइतका भार देतो. हिशेब केला तर मॉडेलचा वाळूवरचा दाब खऱ्याच्या जेमतेम एक अष्टमांश भरतो. तो सारखा करायचा तर मॉडेल ८५० ग्रॅमचं हवं. तरीही वाळूचे कण वीस पट बारीक झालेले नसतात. २००९ मध्ये स्पिरिटची चाकं वरचा कडक थर फोडून खालच्या भुसभुशीत वाळूत रुतली आणि तो पुन्हा सुटला नाही. असं रुतणं छोट्या मॉडेलवर अभ्यासता येत नाही. म्हणूनच क्युरिऑसिटीच्या अभियंत्यांनी स्केअरक्रो नावाची पूर्ण आकाराची गाडी बनवली. तिच्यातून संगणक वगैरे काढून वजन इतकं उतरवलं, की पृथ्वीवर ती मंगळावरच्या क्युरिऑसिटीइतकीच जमिनीवर दाबते.

ही युक्ती आपल्यालाही जमण्यासारखी आहे. सोजर्नर आणि प्रज्ञान खऱ्या मापात घराच्या गॅलरीत मावतात. सोजर्नर साडेदहा किलोचा, मंगळावर त्याचा भार इथल्या ४ किलोइतका. प्रज्ञान २६ किलोचा, चंद्रावर एक षष्ठांश, म्हणजे सव्वाचार किलोच्या आसपास. सहा मोटारी, पत्र्याचे दांडे आणि बॅटरी धरून चार किलोंत बसेल अशी गाडी कॉलेजातल्या मुलांना सहज करता येईल. पुढे तिच्यासाठी फक्त दोन-तीन घमेली कच पसरायची.