ओठावरचा व्रण आणि मोचे कुंभारांचे साचे

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील नदीखोऱ्यांत इसवी सनाच्या सुमारे १०० ते ८०० या काळात नांदलेल्या मोचे संस्कृतीला लिपी नव्हती आणि तिच्या कुंभारांकडे चाकही नव्हते. तरीही त्यांनी घडवलेल्या मस्तकाकृती भांड्यांतील काही चेहरे विशिष्ट व्यक्तींचे आहेत, हे आज निश्चित सांगता येते.

ही भांडी साच्यातून निघत. आधी मातीचे भरीव मस्तक घडवायचे, त्यावर ओली माती थापून तिचे दोन भाग वेगळे करायचे आणि ते भाजून पक्के करायचे, की साचा तयार. त्याच्या आतल्या बाजूला माती दाबून बसवली जाई, दोन्ही अर्धुके जोडून सांधा पुसला जाई आणि वर रिकिबीसारखी वळलेली पोकळ नळी व तोटी बसवली जाई. मग पांढुरक्या आणि तांबड्या मातीचा पातळ लेप, घोटाई आणि भाजणी. रंगवताना मात्र कारागीर मोकळा असे. त्यामुळे एकाच साच्यातील दोन भांड्यांच्या शिरोवस्त्रांवरची नक्षी किंवा गालांवरचे पट्टे वेगळे दिसतात.

अशी शेकडो भांडी तपासून पुरातत्त्वज्ञ क्रिस्टोफर डॉनन यांनी तोच चेहरा पुन्हापुन्हा कुठे येतो, याचा शोध घेतला. त्यांतील एका पुरुषाच्या वरच्या ओठावर डाव्या बाजूला व्रण आहे. हा माणूस वेगवेगळ्या साच्यांतून, वेगवेगळ्या वयांत भेटतो: कुठे कोवळा मुलगा, कुठे भरल्या चेहऱ्याचा प्रौढ. व्रण मात्र सुटत नाही. नुसता ‘सरदार’ दाखवायचा असता, तर हे व्यंग जपण्याचे कारण नव्हते. कुंभाराला हाच माणूस हवा होता, असे मानणे मला भाग वाटते. प्रौढ स्त्रियांची अशी व्यक्तिचित्रे मात्र आढळत नाहीत.

बहुतेक भांडी थडग्यांतून आली, पण काहींवरची झीज आणि दुरुस्तीच्या खुणा सांगतात की पुरण्याआधी ती वापरात होती. दुर्दैवाने कित्येक चोरट्या उत्खननातून बाजारात गेल्याने ती कोणाच्या शेजारी ठेवलेली होती, ही माहिती कायमची हरवली.

डॉनन यांच्या मते, या व्यक्तिचित्रांतील काही मानकरी पुढे मातीत बंदिवान म्हणूनही घडवले गेले. त्रुहियो शहराजवळच्या वाका दे ला लुना या मोचे मंदिरात १९९५ पासूनच्या उत्खननात बळी दिलेल्या पुरुषांच्या सांगाड्यांसोबत, गळ्यात दोर असलेल्या नग्न पुरुषांच्या कच्च्या मातीच्या मूर्ती मिळाल्या. त्या मुद्दाम फोडलेल्या होत्या.