जीडीपीच्या आधी बोलणारे आकडे

पीथमपूरच्या कारखान्यात पर्चेस सांभाळणाऱ्याला मंदीची चाहूल जीडीपीच्या आकड्यावरून लागत नाही. नव्या ऑर्डर रोडावल्या की तो पत्रा, बेअरिंग, पुठ्ठ्याची खोकी यांची खरेदी लगेच आवरती घेतो. उत्पादन त्यानंतर घटतं, ओव्हरटाइम त्याच्याही नंतर बंद होतो, आणि इंदूरहून निघणाऱ्या कंपनीच्या बसमधली माणसं सगळ्यांत शेवटी कमी होतात. या साखळीच्या पहिल्या कड्या मोजतात ते लीडिंग इंडिकेटर.

त्यातला सर्वांत ठाऊक असलेला पीएमआय, म्हणजे पर्चेसिंग मॅनेजर्स इंडेक्स. भारतात सुमारे 400 कारखान्यांच्या पर्चेस मॅनेजरांना दर महिन्याला विचारतात: मागच्या महिन्यापेक्षा ऑर्डर जास्त, तेवढ्याच की कमी? समजा 100 पैकी 40 जण 'जास्त' म्हणाले आणि 36 जण 'तेवढ्याच', तर 40 अधिक 36 चे निम्मे, म्हणजे 58. पन्नासच्या वर वाढ, खाली घट. गणित इतकं साधं आहे, पण वेग विलक्षण. एप्रिल 2020 चा 27.4 हा आकडा 4 मे रोजीच हाती आला. त्या तिमाहीचा जीडीपी 23.9 टक्क्यांनी आकसल्याचं सरकारी आकडेवारीने 31 ऑगस्टला सांगितलं. मात्र पीएमआय घसरण किती जणांकडे पसरली ते सांगतो, किती खोल गेली ते नाही. बातम्यांत ही गल्लत सर्रास होते.

आणखी एक खोच आहे. ऑर्डरींसारखेच प्रश्न इतर बाबींबद्दलही विचारतात, आणि एकूण निर्देशांकात नव्या ऑर्डरींना 30 टक्के वजन, उत्पादनाला 25, रोजगाराला 20, माल पोचायला लागणाऱ्या वेळेला 15 आणि कच्च्या मालाच्या साठ्याला 10. माल उशिरा पोचला तर ते तेजीचं लक्षण धरतात, कारण एरवी पुरवठादाराकडे कामाची गर्दी असली की उशीर होतो. लॉकडाउनमध्ये ट्रकच अडकून पडले होते. तो उशीरही हिशेबात जमेला धरला गेला, आणि सर्वांत वाईट महिन्यात आकडा होता त्याहून बरा दिसला.

ई-वे बिलांचंही, म्हणजे जीएसटीखाली माल वाहून नेण्यासाठी काढाव्या लागणाऱ्या ऑनलाइन बिलांचंही, तसंच. 50,000 रुपयांवरच्या मालाला ते लागतं. संख्या वाढली की व्यापार वाढला म्हणतात, पण नियम पाळणारे वाढले तरी ती वाढतेच.

म्हणून माझ्या मते मुख्य आकड्यापेक्षा नव्या ऑर्डर आणि तयार मालाचा साठा शेजारी ठेवून पाहावेत. ऑर्डर घटत असताना गोदामं भरत असतील, तर पुढच्या काही महिन्यांत पाळ्या कमी होण्याची शक्यता मोठी.