ॲस्पॅरॅगस फर्न (शोभेची शतावरी)

ॲस्पॅरॅगस फर्न : शतावरीच्या प्रजातीतील काही शोभेच्या, बहुवर्षायू वनस्पतींचे बागकामातील नाव. कुल ॲस्पॅरॅगेसी. जुन्या वर्गीकरणात ही प्रजाती पलांडू कुलात, म्हणजे लिलिएसीत धरली जाई. मूळ प्रदेश दक्षिण व पूर्व आफ्रिका. मुंबईत चाळीच्या कठड्यावर, खिडकीच्या ग्रिलमध्ये, सोसायटीच्या प्रवेशदाराशी आणि टॉवरच्या गॅलरीत हे झाड सर्रास दिसते. नर्सरीत कोणी त्याला नुसते ‘फर्न’ म्हणतात, कोणी ‘शतावरी’, कोणी ‘फॉक्सटेल’.

नावात फर्न असले तरी हा नेचा नव्हे. नेच्याला फुले येत नाहीत, त्याचा प्रसार बीजाणूंनी होतो. ॲस्पॅरॅगसला मात्र बारीक पांढरी फुले येतात, त्यांची वाटाण्याएवढी मृदुफळे होतात आणि फळात काळे बी असते. ज्याला आपण पान समजतो तेही खरे पान नाही. खरी पाने खोडावरच्या सुकट खवल्यांइतकी क्षुल्लक असतात, आणि जाड खोडांवर त्यांच्या बुडाशी बोटाला टोचणारे काटे असतात. हिरव्या सुया म्हणजे रूप बदललेल्या बारीक फांद्या. वनस्पतिशास्त्रात त्यांना पर्णक्षोडे म्हणतात.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. मुंबईत ही झाडे मरतात ती बहुतेक या नावामुळेच. फर्न म्हटले की लोक कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात आणि माती सतत ओली राखतात. नेच्याला ते मानवते. शतावरीला त्यात मूळकूज होते. स्प्रेंगेरी किंवा फॉक्सटेल या प्रकारांची कुंडी उपडी करून मुळे एकदा पाहिली की सगळा उलगडा होतो. दोऱ्यासारख्या मुळांना पांढरट, अर्धपारदर्शक गाठी लोंबत असतात, कोवळ्या शेंगदाण्याएवढ्या. बोटांत धरून एखादी दाबली तर फुटते आणि पाणी सुटते. हे झाडाचे पाण्याचे माठ. कोरड्या दिवसांची तरतूद ज्याने स्वतःच करून ठेवली आहे, त्याला रोज तांब्याभर पाणी कशाला?

प्रकार : मुंबईच्या रोपवाटिकांत मुख्यतः तीन मिळतात. सर्वांत परिचित स्प्रेंगेरी. लांब, कमानीसारख्या वाकून खाली झुकणाऱ्या फांद्या, म्हणून टांगत्या कुंडीसाठी उत्तम. इटलीत नेपल्स येथे रोपवाटिका चालवणारा जर्मन वनस्पतिज्ञ कार्ल लुडविग स्प्रेंगर याच्यावरून हे नाव पडले. बाजारात त्याला अजून ॲस्पॅरॅगस डेन्सिफ्लोरस म्हणतात, पण आता अनेक वनस्पतिज्ञ त्याचा समावेश लिनीअसने १७६७ मध्ये नोंदलेल्या ॲस्पॅरॅगस एथिओपिकस या जातीत करतात. दुसरा फॉक्सटेल, म्हणजे डेन्सिफ्लोरसचाच मायर्साय हा प्रकार. त्याचे तुरे ताठ, दाट आणि टोकाकडे निमुळते, खरोखर कोल्ह्याच्या शेपटीसारखे. गणपतीत मखराच्या दोन्ही बाजूंना ठेवायला याच्याइतकी देखणी कुंडी दुसरी नाही, कारण पावसाळा सरता सरता ते भरात असते.

तिसरी ॲस्पॅरॅगस सेटेशियस, जुने नाव प्लुमोसस. हिची पर्णक्षोडे केसासारखी बारीक, आणि फांद्या एका पातळीत पसरलेल्या, लेस विणल्यासारख्या. वाढल्यावर ती वेलीसारखी चढते, तेव्हा काठीचा किंवा ग्रिलच्या गजाचा आधार द्यावा. तोडल्यावर तिची फांदी बरेच दिवस टवटवीत राहते, त्यामुळे फुलांच्या व्यापारात तिला मोठी मागणी असते. दादरच्या फुलबाजारात जरबेरा आणि ग्लॅडिओलसच्या गुच्छांमागे जी हिरवी जाळी दिसते ती पुष्कळदा हीच. सेटेशियस आणि डेन्सिफ्लोरस या दोन्ही जातींची आजची शास्त्रीय नावे जेसॉप या वनस्पतिज्ञाने १९६६ मध्ये निश्चित केली.

सह्याद्रीतली औषधी शतावरी (ॲस्पॅरॅगस रेसिमोसस) या सर्वांची सख्खी नातलग. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही ती रानात वाढते. पण शोभेच्या झाडाच्या मुळ्या तिच्याऐवजी कधीही वापरू नयेत. नर्सरीतल्या पाटीवर ‘शतावरी’ लिहिले आहे एवढ्यावरून चूर्ण करायला निघणारे भेटतात, म्हणून हे स्पष्ट सांगणे भाग आहे. तसेच याचे कोवळे कोंब भाजीच्या ॲस्पॅरॅगससारखे दिसले तरी ते खाण्याचे नाहीत.

उजेड : भरपूर उजेड, पण दुपारचे थेट ऊन नको. पूर्वेच्या गॅलरीतले सकाळचे दोन-तीन तासांचे ऊन याला सर्वांत मानवते. पश्चिमेच्या खिडकीत मार्चपासून सुया पिवळ्या पडून करपतात. लोखंडी ग्रिलला टेकलेल्या फांद्या आधी जातात, कारण गजही तापतो. तिथे हिरव्या जाळीची सावली करावी किंवा कुंडी आत ओढून घ्यावी. उलट घरात, टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवलेले झाड महिन्या-दीड महिन्यात विरळ होते आणि केर काढताना जमिनीवर सुयांचा सडा सापडतो. एसीच्या थेट झोताखालीही तेच होते. समुद्रासमोरच्या इमारतींत खारा वारा फांद्यांवर बसतो. आठवड्यातून एकदा नळाच्या पाण्याने झाड वरून धुतले तर तजेला टिकतो.

माती आणि कुंडी : नर्सरीतली नुसती लाल माती एका पावसाळ्यानंतर विटेसारखी घट्ट होते. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हे मिश्रण चांगले. कुंडी पावसात भिजणार असेल तर कोकोपीट निम्मे करावे, कारण ते पाणी धरून ठेवते. तळाच्या भोकांवर खापराचा तुकडा ठेवावा. मातीची कुंडी या झाडाला प्लास्टिकपेक्षा नक्कीच बरी. एक तर ती बाजूंनी पाणी सोडते. दुसरे म्हणजे गाठी वाढल्या की पातळ प्लास्टिकची कुंडी एका अंगाला फुगते, मग तडकते. कुंडीतली माती आपोआप वर आलेली दिसली, किंवा घातलेले पाणी न मुरता थेट खालून निघून गेले, तर कुंडी बदलायची वेळ झाली असे समजावे.

पाणी : वरची दोन-अडीच सेंटीमीटर माती कोरडी झाली की खालून निथळेपर्यंत पाणी द्यावे, आणि पुन्हा तेवढी कोरडी होईपर्यंत देऊ नये. दिवस मोजून वेळापत्रक लावण्यात अर्थ नाही. एप्रिल-मे महिन्यांत टांगती कुंडी दिवसाआड पाणी मागते, जानेवारीत आठवड्यातून दोनदा पुरते. अडचण अशी की पाणी कमी पडले तरी सुया पिवळ्या होऊन गळतात आणि जास्त झाले तरी गळतात. त्या वेळी कुंडी उचलून पाहावी. हलकी लागली तर झाड तहानलेले आहे. जड लागली आणि मातीला आंबूस वास येत असेल तर मुळे कुजत आहेत. मग झाड काढून मऊ, तपकिरी मुळे कापून टाकावीत आणि नव्या कोरडसर मातीत लावावे.

मुंबईत खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस, साधारण २,००० ते २,५०० मिलिमीटर, या चार महिन्यांत कोसळतो. सलग आठ-दहा दिवस ऊन नाही, हवा दमट, माती चिखल. स्प्रेंगेरीला पावसाचे वावडे नाही, उलट पहिल्या सरींनंतर ती झपाट्याने फुटते. वावडे आहे ते साचलेल्या पाण्याचे. म्हणून पावसाळ्यात कुंडी छज्जाखाली घ्यावी, विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवावी आणि खालची ताटली काढूनच टाकावी. ताटलीचे कारण झाडापुरते नाही. तिच्यातल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला डेंग्यू पसरवणारे एडीस डास अंडी घालतात आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी घरोघरी येऊन कुंड्यांखाली डोकावतात ते यासाठीच. इतर ऋतूंत ताटली हवीच असेल तर ती आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करावी. नुसते ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात.

तानसा, वैतरणा, भातसा या धरणांमधून येणारे नळाचे पाणी कुंडीला चालते. सोसायटीच्या बोअरवेलचे पाणी मात्र किनाऱ्यालगत पुष्कळदा खारट असते. ते सतत घातले तर सुयांची टोके तपकिरी होतात आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो.

खत आणि छाटणी : खत बेताचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा मूठ-दोन मुठी गांडूळखत पुरे. भर पावसात घातलेले खत वाहून जाते. छाटणीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी : शेंडा कापलेली फांदी पुन्हा लांब होत नाही, नवी वाढ बुडातूनच येते. म्हणून पिवळी फांदी मधेच न छाटता मातीलगत कापावी. हातमोजे घालावेत. काटे तर आहेतच, शिवाय चिकाने काहींच्या त्वचेला खाज सुटते.

कीड : ऑक्टोबरच्या उन्हात लाल कोळी येतो. सुया राखाडी दिसू लागतात आणि बारीक जाळे धरते. पाण्याचा जोरदार फवारा हा त्यावर पहिला उपाय. फॉक्सटेलच्या दाट तुऱ्यांच्या बुडाशी पिठ्या ढेकूण कापसासारखा लपून बसतो, म्हणून तुरे बाजूला करून आत पाहण्याची सवय ठेवावी. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि द्रवरूप साबणाचे चार थेंब, हे संध्याकाळी फवारावे. पण आधी एकाच फांदीवर करून पाहावे, कारण याच्या सुया औषधाने गळूही शकतात.

अभिवृद्धी : झाड वाटून लावणे सर्वांत सोपे. जूनच्या सुरुवातीला पूर्ण गड्डा बाहेर काढून धारदार सुरीने दोन-तीन भाग करावेत. प्रत्येक भागाला काही गाठी आणि काही जिवंत फांद्या असाव्यात. कापताना थोड्या गाठी फुटतात, त्याने बिघडत नाही. बियांपासूनही रोपे होतात. स्प्रेंगेरीची फळे लालभडक झाली की गर काढून बी धुवावे, दिवसभर भिजवून सेंटीमीटरभर खोल पेरावे. उगवायला तीन ते सहा आठवडे लागतात.

ही लाल फळे मुलांना आणि पाळीव प्राण्यांना मोहात पाडतात. कुत्र्या-मांजरांनी खाल्ली तर उलट्या-जुलाब होतात. घरात रांगते मूल असेल तर फळे धरताच खुडून टाकावीत किंवा कुंडी उंच टांगावी. फळे पक्षी खातात आणि बी दूरवर जाते. ऑस्ट्रेलियात शोभेसाठी नेलेल्या या झाडांनी रानात इतका शिरकाव केला की २०१२ मध्ये त्यांना राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांत घालावे लागले. नको झालेली कुंडी आरेच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला रिकामी करणे त्यामुळे अत्यंत चुकीचे. गाठी-मुळे पूर्ण वाळवूनच टाकावीत.

मे महिन्यात माणसे पंधरा-वीस दिवस गावी जातात. परतल्यावर गॅलरीतली स्प्रेंगेरी पार वाळलेली सापडते, हात लावला की सुया झरझर खाली येतात. ती फेकू नये. सगळ्या फांद्या मातीलगत कापाव्यात, कुंडी सावलीत ठेवून एकदा भरपूर आणि मग बेतानेच पाणी द्यावे. मुळांवरच्या गाठी टणक असतील तर सहसा दोन-तीन आठवड्यांत मातीतून जांभळट हिरवा कोंब वर येतो, पेन्सिलीच्या शिशाएवढा जाड, अंगाला खवले चिकटलेला, टोकाशी किंचित वाकलेला. वीतभर वाढेपर्यंत त्याला एकही सुई फुटत नाही, तोवर त्याला उन्हात नेऊ नये.