जहाज मुद्दाम वाळूवर चढवलं आणि माल अडकला: जनरल ॲव्हरेजचे कागद नेमके कुठे अडतात

जहाज एका बाजूला कलंडू लागलं आणि उलटायची भीती निर्माण झाली, की कप्तान ते मुद्दाम उथळ वाळूवर चढवू शकतो. तळाला आधार मिळतो, माणसं आणि बराचसा माल वाचतो. खर्च मात्र एकट्या जहाजमालकाचा राहत नाही. अशा खर्चाच्या वाटणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या यॉर्क-अँटवर्प नियमांतल्या पाचव्या नियमानुसार, सर्वांच्या सुरक्षिततेसाठी जहाज जाणूनबुजून जमिनीला लावलं असेल तर त्यातून होणारं नुकसान जनरल ॲव्हरेजमध्ये धरलं जातं, म्हणजे जहाज आणि माल या सगळ्यांत किमतीच्या प्रमाणात वाटलं जातं. त्यामुळे चाकण-भोसरीच्या आयातदाराचा कंटेनर कोरडा ठणठणीत न्हावा शेव्याला उतरला, तरी सिक्युरिटी, म्हणजे आपला हिस्सा भरण्याची हमी, दिल्याशिवाय शिपिंग लाइन डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात देण्याचा आदेश) देत नाही. आरडाओरडा करून उपयोग नाही, मालावर तिचा हक्क राहतो.

नेहमीचे कागद पटकन सांगतो: बिल ऑफ लेडिंग (बीएल, म्हणजे जहाजाने माल घेतल्याची पावती), कमर्शियल इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, किंमत लिहिलेला व्हॅल्युएशन फॉर्म. हे सीएचएकडे (कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटकडे) असतातच. खरे अडतात ते बाँड आणि गॅरंटी.

ॲव्हरेज बाँड म्हणजे हिस्सा भरण्याचं लेखी वचन. त्यावर सही मालाच्या मालकाची लागते. सीएचएने किंवा फॉरवर्डरने (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्याने) 'तर्फे' म्हणून केलेली सही परत येते. हाय सी सेलने (माल समुद्रात असतानाच झालेल्या विक्रीने) माल घेतला असेल तर बीएलवर एक नाव आणि बाँडवर दुसरं दिसतं. अशा वेळी विक्रीचा करार सोबत जोडा, नाहीतर ॲडजस्टरचं (वाटणीचा हिशेब करणाऱ्याचं) कार्यालय आठवडाभराने फक्त 'नावात तफावत' एवढंच कळवतं. फुकट आलेल्या नमुन्यांच्या इन्व्हॉइसवर शून्य किंमत असेल तर तीही चालत नाही, खरी किंमत लिहावी लागते.

तुमचा हिस्सा भरण्याची गॅरंटी विमा कंपनीने द्यायची असते, ब्रोकरने नव्हे. ब्रोकरचं पत्र जोडून निश्चिंत बसलेले लोक नेहमी दिसतात. इथेच तो कागद लागतो जो कुणाकडेच नसतो: पॉलिसी. सीआयएफवर (किमतीत विमा आणि भाडं धरून) माल मागवला असेल तर विमा परदेशी विक्रेत्याने काढलेला असतो आणि पुण्याच्या फाइलमध्ये त्याची प्रतसुद्धा नसते. अपघाताची बातमी आली त्याच दिवशी विक्रेत्याला मेल करा. पॉलिसी किंवा सर्टिफिकेट, विमा कंपनीचं नाव आणि तिच्या भारतातल्या क्लेम एजंटचा पत्ता मागा. सीएफआर (किमतीत फक्त भाडं धरलेलं) आणि एफओबीवर (किंमत जहाजावर माल चढवेपर्यंतची) मात्र विक्रेत्यावर विमा काढण्याचं बंधन नाही. तो तुमचा तुम्हीच काढायचा होता. ओपन पॉलिसी (अनेक खेपांसाठी एकच विमा) असेल तर या खेपेचं डिक्लरेशन वेळेवर गेलं होतं का ते आधी तपासा.

दिलासा एवढाच की इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस (मालाच्या सागरी विम्याच्या प्रमाणित अटी) ए, बी आणि सी या तिन्ही प्रकारांत जनरल ॲव्हरेज आणि साल्व्हेजचा (जहाज-माल वाचवणाऱ्यांच्या मोबदल्याचा) हिस्सा धरलेला असतो. स्वस्तातली सी पॉलिसी आहे म्हणून क्लेम न करणं हा निव्वळ तोटा आहे. पण उशिरामुळे झालेलं नुकसान तिन्हीत वगळलेलं आहे. कारखान्यातलं उत्पादन थांबलं, ग्राहकाने दंड लावला, ते विम्यातून मिळत नाही. मालाची किंमत कमी दाखवून विमा काढला असेल तर हिश्श्याची भरपाईही त्याच प्रमाणात घटते आणि उरलेल्यासाठी विमा कंपनी तुमच्याकडून काउंटर-गॅरंटी (ती रक्कम तुम्ही द्याल अशी हमी) मागते.

विमाच नसेल तर रोख अनामत भरावी लागते. ती किती असू शकते याची कल्पना बहुतेकांना नसते. 2018 मध्ये अरबी समुद्रात आग लागलेल्या मर्स्क होनमच्या प्रकरणात साल्व्हेजसाठी मालाच्या किमतीच्या 42.5 टक्के आणि जनरल ॲव्हरेजसाठी 11.5 टक्के मागितले गेले, म्हणजे एक कोटीच्या मालावर 54 लाख. या दोन वेगळ्या सिक्युरिटी आहेत: साल्व्हेजची जहाज वाचवणाऱ्यांसाठी, जनरल ॲव्हरेजची ॲडजस्टरकडे. फॉर्म वेगळे, पत्ते वेगळे. एक दिली की दुसरी आपोआप होत नाही. निम्मे अर्ज इथेच लटकतात असं वाटावं इतकी ही चूक नेहमीची आहे.

एलसीएल माल (एकाच कंटेनरमध्ये अनेकांचा माल) असेल तर अजून एक कटकट. शिपिंग लाइनची सूचना मास्टर बीएलवरच्या (लाइनने दिलेल्या) फॉरवर्डरला जाते, हाउस बीएलवरचे (फॉरवर्डरने दिलेल्या) वीस छोटे आयातदार अंधारात राहतात. त्यातल्या एकाने जरी सिक्युरिटी दिली नाही तरी अख्खा कंटेनर अडू शकतो. म्हणून आपले कागद देऊन थांबू नका, फॉरवर्डरकडे बाकीच्यांची स्थिती विचारत राहा.

'चूक जहाजाची, मी का सही करू?' हा प्रश्न रास्त आहे, पण सिक्युरिटी अडवून तो सुटत नाही. जहाज मुद्दाम रुतवलं की आपोआप रुतलं, यावरही वाद होतो. जानेवारी 2015 मध्ये साउदॅम्प्टनहून निघालेलं मोटारवाहू जहाज होएग ओसाका ब्रॅम्बल बँक या वाळूच्या उथळ पट्ट्यावर चढलं तेव्हा ते मुद्दाम चढवल्याचं आधी सांगितलं गेलं. ब्रिटनच्या अपघात तपास यंत्रणेचा निष्कर्ष वेगळा निघाला: जहाज निघतानाच पुरेसं स्थिर नव्हतं, आणि कलल्यावर सुकाणू व पंखा पाण्याबाहेर आल्याने ते वाहत तिथे गेलं. असे मुद्दे नंतर लढवता येतात. यॉर्क-अँटवर्पच्या डी नियमानुसार कुणाच्या चुकीने अपघात घडला तरी वाटणी थांबत नाही, पण चूक करणाऱ्याविरुद्धचे हक्क शाबूत राहतात. तेव्हा हक्क राखून सही करा, तशी ओळ पत्रात लिहा आणि माल सोडवा.

मुदती नीट वाचा. जनरल ॲव्हरेजमध्ये तुमचं स्वतःचं नुकसान मागायचं असेल, समजा जहाज हलकं करताना तुमचा माल समुद्रात टाकला, तर लेखी नोटिशीसाठी 12 महिने मिळतात. ते सामायिक प्रवास संपल्यापासून मोजतात, पत्र मिळाल्यापासून नाही. वाहतूकदारावर दावा करायची एक वर्षाची मुदत वेगळी. बहुतेक बीएलनुसार ती डिलिव्हरीच्या, किंवा माल आलाच नाही तर तो यायला हवा होता त्या तारखेपासून धावते. विमा कंपनी पैसे देईल म्हणून ही मुदत जाऊ दिली तर वाहतूकदाराकडून वसुलीचा तिचा हक्क तुमच्यामुळे बुडतो आणि तुमचा क्लेम अडचणीत येतो.

कस्टम्सचं घड्याळ स्वतंत्र. उतरल्यापासून 30 दिवसांत माल सोडवला नाही तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम 48 खाली नोटीस देऊन तो विकता येतो. 'ॲडजस्टरचं पत्र आलेलं नाही' ही सबब आपोआप मान्य होत नाही, मुदतवाढ लेखी मागा. माल भिजून खराब झाला असेल तर कलम 22 खाली शुल्कात सूट मिळू शकते. मात्र सर्व्हेअरची पाहणी कंटेनर बंदरात असतानाच करून घ्या. चाकणच्या गोदामात सील तोडल्यावर काढलेले फोटो कस्टम्सला पुरेसे वाटत नाहीत, आणि विमा कंपनीलाही.