प्रवाळ जलजीवालय

प्रवाळ जलजीवालय : जिवंत प्रवाळ, मासे व इतर सागरी प्राणी घरातील काचेच्या टाकीत कृत्रिम प्रकाश आणि सतत फिरते खारे पाणी यांच्या आधारे दीर्घकाळ जगवण्याची पद्धत. बोलण्यात तिला ‘रीफ टँक’ म्हणतात. नुसत्या सागरी माशांच्या टाकीहून ती वेगळी ठरते ती प्राण्यांच्या संख्येमुळे नव्हे. माशांना पाणी बाधले नाही म्हणजे झाले. प्रवाळ मात्र सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातून काही द्रव्ये रोज काढून घेतात, आणि समुद्र पाठीशी नसल्याने ती माणसाला रोज भरून द्यावी लागतात. प्रस्तुत नोंदीचा भर या दुसऱ्या बाजूवर आहे. टाकीची मांडणी, काच, पंप इ. गोष्टी वाचकास परिचित आहेत असे धरले आहे.

उगम : बंदिस्त पाण्यात प्रवाळ प्रथम कोणी जगवले याविषयी एकमत नाही. झान व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच अभ्यासिकेने १८३२च्या सुमारास सिसिलीत काचेच्या टाक्या करवून घेतल्या होत्या. पण त्या आर्गोनॉट या मृदुकाय प्राण्याच्या निरीक्षणासाठी. स्कॉटलंडचे निसर्गवैज्ञानिक सर जॉन डॅल्येल यांनी १८२८मध्ये किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प खुद्द त्यांच्या पश्चातही काचेच्या भांड्यात जगले आणि १८८७मध्ये मेले. ‘ग्रॅनी’ म्हणजे आजीबाई या नावाने त्याची ख्याती होती. मात्र त्याला वरचेवर ताजे समुद्रजल मिळत असे, त्यामुळे त्या भांड्याला बंदिस्त जलजीवालय म्हणणे कठीण आहे.

ॲना थिन यांचा दावा याहून भक्कम आहे. १८४६मध्ये त्यांनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरील काही कठीण प्रवाळ लंडनला नेले. आणलेले समुद्रजल टाकून न देता उघड्या खिडकीपाशी ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतवून त्यांनी ते खेळते ठेवले आणि पुढे सागरी वनस्पतींची जोड दिली. त्यांची टिपणे प्रसिद्ध झाली ती मात्र १८५९मध्ये. तोवर रॉबर्ट वॉरिंग्टन यांचा मासे व पाणवनस्पती यांच्या समतोलाचा प्रयोग (१८५०), लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यगृह (१८५३) आणि ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ करणारा फिलिप हेन्री गॉस यांचा ग्रंथ (१८५४) लोकांसमोर येऊन गेले होते. प्रसिद्धीची तारीख प्रमाण मानली तर श्रेय वॉरिंग्टन व गॉस यांना जाते, प्रत्यक्ष कृती मानली तर थिन यांना. अलीकडील लेखकांचा कल थिन यांच्याकडे आहे व तो ग्राह्य वाटतो. तरीही एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे. त्यांचे प्रवाळ बहुधा थंड समुद्रातील, एकेकटे राहणारे व शरीरात शैवल नसलेले होते. प्रवाळभित्ती बांधणाऱ्या उष्ण कटिबंधीय जातींना लागणाऱ्या प्रकाशाचा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नाही, आणि तो सुटण्यास पुढे शंभरावर वर्षे लागली.

त्या दिशेने पहिले ठळक पाऊल सामान्यतः इंडोनेशियातील ली चिन एंग यांचे मानतात. जाकार्ता येथे त्यांनी समुद्रातून ताजे काढलेले, जीवजंतूंसह जिवंत असलेले प्रवाळखडक, मंद हवेचे बुडबुडे व सूर्यप्रकाश एवढ्याच साधनांवर टाक्या चालवल्या आणि १९६१मध्ये त्याविषयी लेख लिहिला. त्यांचे अनुकरण इतरत्र फारसे यशस्वी झाले नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर असल्याने त्यांना मिळणारा खडक ताजा होता. दूरदेशी पोहोचेपर्यंत त्यावरील बरेचसे जीव मरत व टाकीत कुजत, हे कारण संभवनीय आहे.

यानंतरच्या पद्धतींत तीन प्रवाह दिसतात. वॉल्टर ॲडी यांनी स्मिथसोनियन संस्थेत १९८०च्या सुमारास प्रदर्शित केलेल्या प्रवाळभित्तीच्या प्रतिकृतीत पाणी शैवलाच्या गालिच्यावरून वाहवून शुद्ध केले जाई. झां झोबेर यांनी मोनाको येथे वाळूच्या जाड थराखाली पाण्याची पोकळी राखून नायट्रेटाचा, म्हणजे प्राण्यांच्या उत्सर्जनातील अमोनियापासून शेवटी बनून साठणाऱ्या संयुगाचा, निचरा साधला. बर्लिनमधील हौशी पालकांनी, विशेषतः डीट्रिख श्ट्यूबर यांनी, जिवंत खडक, फेस काढणारे स्किमर यंत्र व प्रखर दिवे यांवर भिस्त ठेवली. पेटर विल्केन्स यांनी पुरस्कारलेली चुन्याची निवळी तिला पूरक ठरली. अमेरिकेत १९८६च्या सुमारास लोकप्रिय झालेली ठिबकत्या गाळणीची पद्धत अमोनिया चटकन नष्ट करी, पण नायट्रेट साठू देई, म्हणून कठीण प्रवाळ पाळणाऱ्यांत ती मागे पडली. शैवलपद्धतीचे पाणी पिवळसर होते असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वच टाक्यांना लागू पडत नाही. आजच्या बहुतेक टाक्या बर्लिन पद्धतीच्या वंशातील आहेत, मग चालवणाऱ्यांना ते नाव ठाऊक असो वा नसो.

प्रकाश : भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत झूझँथेली ही एकपेशीय शैवले राहतात व प्रकाशसंश्लेषणातून यजमानाला अन्नाचा मोठा वाटा पुरवतात. पूर्वी ही सारी शैवले एकाच प्रजातीत घातली जात; २०१८मधील पुनर्रचनेनंतर ती अनेक प्रजातींत विभागली आहेत. त्यांना निळा प्रकाश विशेष उपयोगी पडतो, कारण खोल पाण्यात तोच पोहोचतो. मऊ प्रवाळांना साधारणपणे ५० ते १५० सूक्ष्ममोल प्रकाशकण प्रती चौ. मी. प्रती सेकंद, तर ॲक्रोपोरासारख्या शाखायुक्त कठीण प्रवाळांना २०० ते ४०० इतका प्रकाश देतात. त्यापलीकडे प्रकाशसंश्लेषण वाढत नाही; उलट दिवे एकाएकी वाढवल्यास प्रवाळ शैवल बाहेर टाकून पांढरे पडतात. नवा दिवा आठवड्यांच्या टप्प्यांनी चढवतात तो यामुळे.

पाण्याचे रसायन : लवणता दर हजारी ३५ भाग (२५° से.ला विशिष्ट गुरुत्व सु. १·०२६), तापमान २४° ते २७° से. आणि पीएच ८·० ते ८·४ ही सर्वमान्य मर्यादा आहे. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची तूट गोड्या, तेही आयनमुक्त केलेल्या (विरघळलेले क्षार काढून टाकलेल्या) पाण्याने भरतात. खाऱ्या पाण्याने तूट भरणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे.

खरी गुंतागुंत कॅल्शियम व क्षारकता (पाण्याची आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता, मुख्यतः बायकार्बोनेटामुळे येणारी) यांची आहे. प्रवाळाचा सांगाडा ॲरॅगोनाइट या रूपातील कॅल्शियम कार्बोनेटाचा असतो. तो घडताना एका कॅल्शियम आयनामागे दोन बायकार्बोनेट आयन खर्ची पडतात व कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. ज्या काळात पाण्याची क्षारकता २·८ जर्मन अंशांनी (जर्मन अंश हे क्षारकतेचे प्रचलित एकक) उतरते, त्याच काळात कॅल्शियम दर लिटरला केवळ २० मिग्रॅ. घटते. समुद्रजलात कॅल्शियमचा साठा मोठा (सु. ४१० ते ४२० मिग्रॅ.) व क्षारकतेचा लहान (सु. ७ अंश) असतो. परिणामी दोन्ही ठराविक प्रमाणात खर्च होत असूनही एकीची टंचाई लगेच जाणवते, दुसऱ्याची नाही. समजा, १०० लि. पाण्यात क्षारकता एका दिवसात ८ अंशांवरून ७वर आली. कॅल्शियम त्या दिवशी ४२०वरून जेमतेम ४१३वर येईल, आणि घरगुती चाचणीसंचात हा फरक दिसेलच असे नाही. कॅल्शियम स्थिर आहे, मग प्रवाळ का मरतात, या नेहमीच्या कोड्याचे उत्तर येथे आहे. मोजायची असेल तर क्षारकता मोजावी, तीही रोज एकाच वेळी.

वरील उदाहरणातील तूट म्हणजे दिवसाला सुमारे १·८ ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेट. ती भरण्याचा सर्वांत जुना उपाय चुन्याची निवळी हाच. तिच्यात कॅल्शियम व क्षारकता नेमक्या लागणाऱ्या प्रमाणात एकत्र असतात. १०० लि. टाकीचा एक अंश भरून काढण्यास संपृक्त निवळी सुमारे ०·९ लि. लागते, उघड्या टाकीतून दिवसाला उडणारे पाणीही पुष्कळदा साधारण तितकेच, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास, असते. बाष्पीभवनाची तूट निवळीनेच भरली की दोन कामे एका थेंबात होतात. हा मेळ मात्र प्रवाळ कमी असेपर्यंतच टिकतो. प्रवाळ वाढले की मागणी बाष्पीभवनाला मागे टाकते. शिवाय निवळीचा पीएच १२च्या वर असतो, त्यामुळे ती थेंबाथेंबाने व शक्यतो रात्री सोडतात. मागणी मोठी असेल तेथे कॅल्शियम क्लोराइड व सोडियम कार्बोनेट यांचे दोन वेगळे द्राव देतात किंवा कार्बन डायऑक्साइडाने पाण्याचा पीएच ६·५च्या आसपास उतरवून प्रवाळाच्या चुऱ्याचेच विद्रावण करणारे यंत्र जोडतात. हे यंत्र पीएच खाली ओढते, निवळी तो वर ढकलते. दोन्ही एकत्र वापरण्याची रीत त्यातून आली. मॅग्नेशियम (सु. १,३०० मिग्रॅ.) सावकाश खर्च होते, पण ते फार उतरले तर कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातच साका होऊन बसू लागते आणि मग वर सांगितलेला सगळा हिशेब कोलमडतो.

नायट्रोजनाचे चक्र : अमोनियाचे नायट्राइट व त्याचे नायट्रेट होते, हे सूत्र हौशी वर्तुळात पाठ असते आणि श्रेय नायट्रोसोमोनस व नायट्रोबॅक्टर या जीवाणूंना दिले जाते. या श्रेयनामावलीत दुरुस्ती करावी लागते. गोड्या पाण्याच्या टाक्यांत दुसरी पायरी मुख्यत्वे नायट्रोस्पायरा जीवाणू पार पाडतात असे १९९८मध्ये दिसून आले. २००५मध्ये तर सीॲटल येथील सागरी जलजीवालयाच्या खडीतून नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा जीव वेगळा केला गेला, आणि तो जीवाणू नसून आर्किया या जीवाणूंहून वेगळ्या सूक्ष्मजीवांच्या गटातील निघाला. टाकीत कोणता गट किती काम करतो, हे टाकीगणिक बदलत असावे. नव्या टाकीत हे चक्र बसण्यास बहुधा काही आठवडे लागतात. त्याआधी सोडलेले मासे दगावतात.

नायट्रेट व फॉस्फेट शून्यावर ठेवावेत हा दंडक आता ढिला झाला आहे. दोन्ही पूर्ण संपल्यास प्रवाळ फिके पडतात व डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचा तपकिरी, चिकट थर माजतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

मासे : विदूषक मासे, डॅम्सेल, गोबी, रास व शैवल खाणारे सर्जन मासे प्रचलित आहेत. प्रवाळ कुरतडणारे बरेचसे फुलपाखरू मासे टाळतात. मँडरिन मासा सूक्ष्म कवचधारींवर जगतो आणि नव्या, निर्जीव टाकीत भरल्या पाण्यात उपाशी मरतो.

रोग व धोके : पांढऱ्या ठिपक्यांचा रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या आदिजीवामुळे होतो. तो माशाच्या कातडीवर काही दिवसच असतो. पुढची अवस्था तळाशी कोशात जाते. यामुळे ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग गेला असे होत नाही. तांब्याची संयुगे गुणकारी असली तरी ती प्रवाळ व इतर अपृष्ठवंशींना मारक असल्याने उपचार वेगळ्या टाकीतच करतात.

पॅलिथोआ व तत्सम झोअँथिड प्राण्यांतील (समुद्रपुष्पासारख्या, खडकावर वसाहत करणाऱ्या प्राण्यांतील) पॅलिटॉक्सिन हे विष पालकालाच धोक्याचे आहे. हवाईतील पॅलिथोआपासून ते १९७१मध्ये वेगळे करण्यात आले. नको असलेले झोअँथिड मारण्यासाठी खडकावर उकळते पाणी ओतल्याने निघालेल्या वाफेतून घरातील माणसांना विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली आहेत. हातमोजे व चष्मा वापरावा. खडक कधीही उकळू नये.

संकलन व परिणाम : कठीण प्रवाळ वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्यांच्या निर्यातीस परवाना लागतो. मासे गुंगवण्यासाठी सोडियम सायनाइड वापरण्याची प्रथा फिलिपीन्समध्ये १९६०च्या दशकात सुरू झाली, असे मानतात. मासे त्यातून वाचले तरी भोवतालचे प्रवाळ मरतात. बंदिस्त प्रजननाने हा भार काहीसा हलका झाला. विदूषक माशांची पैदास १९७०च्या दशकापासून होते. पिवळा सर्जन मासा २०१५मध्ये हवाईत व निळा २०१६मध्ये फ्लॉरिडात पैदा करण्यात यश आले. प्रवाळांचे काम त्याहून सोपे: फांदी मोडून दगडाला चिकटवली की नवी वसाहत. श्ट्यूबर यांच्या टाकीतील ॲक्रोपोराचे तुकडे याच मार्गाने देशोदेशी पसरले.

उलट दिशेचा उपद्रवही नोंदला गेला आहे. अटलांटिकमधील, मूळचे तेथले नसलेले सिंहमासे टाकीतून सुटलेल्यांचे वंशज असावेत असा समज आहे. १९९२च्या चक्रीवादळात एक टाकी फुटल्याची कथा नेहमी सांगितली जाते, पण फ्लॉरिडातील पहिली नोंद १९८५ची असल्याने ती मूळ कारण ठरत नाही. कॉलेर्पा टॅक्सिफोलिया हे जलजीवालयातील शोभेचे शैवल १९८४मध्ये मोनाकोच्या सागरविज्ञान संग्रहालयाखालील समुद्रात आढळले व तेथून भूमध्य समुद्रात पसरले. २०००मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात सापडले, तेव्हा त्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडण्यात आला. ते समूळ नष्ट झाल्याचे जाहीर होण्यास २००६ साल उजाडले.